एअरबॅगचा दिवा विझत नाही, तेव्हा

"गाडी तर मस्त चालतेय. पिकअप ठीक, ब्रेक ठीक, एव्हरेज ठीक. फक्त मीटरमधला तो एअरबॅगचा दिवा जात नाही. चालवू ना?"

हा प्रश्न सोसायटीच्या पार्किंगपासून सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. त्याच्या मागोमाग दुसरा येतो, "अख्खी एअरबॅग बदलावी लागेल का हो?" आणि मग जरा हळू आवाजात तिसरा, "नुसता दिवा बंद करून मिळेल का?"

थोडक्यात उत्तरं अशी. गाडी चालेल, पण ठोकली गेली तर एअरबॅग उघडेल याची खात्री धरता येणार नाही. बॅग बदलावी लागेलच असं नाही. कित्येकदा बॅग शाबूत असते आणि दुखणं एखाद्या सैल जोडात असतं. आणि दिवा नुसता बंद करून मिळतो, फसवणूक सुरू होते ती तिथेच. या तीन उत्तरांमागचं कारण एकच आहे. हा दिवा काय बघतो आणि काय बघू शकत नाही, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

हा विषय आता महागड्या गाड्यांपुरता उरलेला नाही. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2021 पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना 2021 च्या अखेरीपर्यंत लागू झाली. म्हणजे अगदी छोट्या गाडीच्या मीटरमध्येही हा दिवा आता असतोच.

1. आधी दिवा नीट ओळखा

मीटरमध्ये बसलेल्या माणसाचं चित्र असलेले एकाहून अधिक दिवे असतात आणि त्यांची गल्लत होते. माणसाच्या छातीवरून तिरपा पट्टा आहे, पण समोर काही नाही, तो सीटबेल्टची आठवण करून देणारा दिवा. माणसाच्या समोर मोठा गोल फुगा आहे, तो एअरबॅगचा. काही गाड्यांत चित्राऐवजी 'एसआरएस' ही अक्षरं असतात. रंग कुठे लाल, कुठे पिवळा.

तिसरा दिवा 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ'चा. लहान बाळाची मागे तोंड करून बसवायची सीट पुढे लावली, तर समोरची एअरबॅग बंद ठेवावीच लागते. त्यासाठी काही गाड्यांत डॅशबोर्डच्या कडेला किंवा ग्लव्ह बॉक्समध्ये किल्लीने फिरवायचा स्विच दिलेला असतो. तो कुणीतरी फिरवून ठेवला असेल, तर दिवा आपलं काम चोख करतोय. बिघाड काही नाही.

आता खऱ्या एअरबॅगच्या दिव्याचं वागणं पाहा. किल्ली ऑन केली की तो लागतो, पाच-सात सेकंद राहतो आणि विझतो. हे निरोगीपणाचं लक्षण. यापेक्षा वेगळं वागण्याचे चार प्रकार आहेत: विझतच नाही, विझतो, पण चालत्या गाडीत मध्येच पुन्हा लागतो, सारखा लुकलुकतो, किंवा किल्ली ऑन केल्यावर मुळात लागतच नाही. पहिल्या तिन्हींकडे लक्ष जातं. चौथ्याकडे जात नाही, कारण न लागलेला दिवा कुणाला खुपत नाही. त्याच्याकडे पुढे येऊ.

2. त्या पाच-सात सेकंदांत काय घडतं

एअरबॅगच्या यंत्रणेचा मेंदू म्हणजे कंट्रोल मोड्यूल. पत्र्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची ही छोटी पेटी बहुतेक गाड्यांत दोन पुढच्या सीटच्या मध्ये, गिअर लिव्हरच्या आसपास फरशीला घट्ट बोल्ट केलेली असते. तिच्यापासून वायरी सगळीकडे जातात: स्टिअरिंगमधल्या बॅगेकडे, डॅशबोर्डमधल्या बॅगेकडे, गाडीच्या नाकाशी असलेल्या धक्का ओळखणाऱ्या सेन्सरकडे, बेल्टच्या बकलमधल्या स्विचकडे आणि प्रीटेन्शनरकडे. टक्कर होताच बेल्ट झटक्यात आत ओढून अंगाशी आवळणारा भाग म्हणजे प्रीटेन्शनर. त्यातही बॅगेसारखीच छोटी स्फोटक पुडी असते.

बॅग आणि प्रीटेन्शनर या दोघांना पेटवणारा भाग म्हणजे स्क्विब. त्यात एक अतिबारीक तार असते. तिच्यातून पुरेसा करंट गेला की ती तापते, भोवतालचं रसायन पेटतं, गॅस तयार होतो आणि बॅग फुगते. टक्कर झाल्यापासून बॅग फुगेपर्यंतचा सारा कारभार साधारण 50 मिलिसेकंदांत उरकतो. पापणी लवायला याच्या दुप्पट तरी वेळ लागतो.

आता अडचण अशी, की ही वस्तू एकदाच वापरता येते. ती चालते का, हे पेटवून पाहता येत नाही. म्हणून मोड्यूल वर्गातल्या शिक्षकांसारखी हजेरी घेतं. प्रत्येक सर्किटमधून अगदी थोडासा करंट सोडायचा, स्क्विब पेटणार नाही इतकाच, आणि पलीकडून अपेक्षित उत्तर येतं का ते पाहायचं. दोन एअरबॅग आणि दोन प्रीटेन्शनर असलेल्या छोट्या गाडीत अशी चार नावं पुकारली जातात. सहा बॅगांच्या गाडीत किमान आठ. सगळे 'हजर' म्हणाले की दिवा विझतो. एकानेही उत्तर दिलं नाही, किंवा भलतंच दिलं, की दिवा लागलेला राहतो. गाडी चालू असतानाही ही हजेरी अधूनमधून चालूच असते, म्हणून दिवा प्रवासात मध्येच लागू शकतो.

हे आकड्यांत पाहू. चांगल्या स्क्विबचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण 2 ओहम असतो. समजा मोड्यूलने 50 मिलिअँपिअर करंट सोडला. 0.05 गुणिले 2, म्हणजे त्याला 0.1 व्होल्ट दिसायला हवेत. आता मधल्या कपलरची, म्हणजे दोन वायरी जोडणाऱ्या खटक्याची, एक पिन गंजली आणि तिने 3 ओहमची भर घातली. एकूण 5 ओहम झाले, व्होल्टेज 0.25 दिसलं. मोड्यूलच्या मर्यादेबाहेर गेलं की नोंद होते, 'रेझिस्टन्स जास्त'. घरातल्या पंख्याच्या वायरिंगमध्ये 3 ओहम वाढले तर आपल्याला पत्ताही लागणार नाही. इथे मूळ आकडाच 2 चा आहे, त्यामुळे पिनेवरचा नखाएवढा हिरवट गंजसुद्धा दिवा पेटवायला पुरतो.

3. हजेरीतून काय कळत नाही

हजेरीला 'हजर' म्हणणाऱ्या मुलाचा अभ्यास झालाय की नाही, हे त्या उत्तरावरून कळत नाही. दिव्याचंही तसंच. तो सर्किट तपासतो. बॅगेतल्या रसायनाची तब्येत तपासत नाही.

याचा सगळ्यात मोठा दाखला जपानच्या टकाटा कंपनीचा. या कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या डब्यात, अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षं दमटपणा आणि उष्णता सोसून ते बिघडायचं आणि टक्कर झाली की गरजेपेक्षा जास्त जोराने पेटायचं. मग धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि जून 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडाने आपल्या जुन्या गाड्या याच कारणासाठी परत बोलावून इन्फ्लेटर बदलून दिले. त्या गाड्यांच्या मीटरमध्ये याचा इशारा देणारा दिवा लागत नव्हता. बारीक तार शाबूत होती, 2 ओहमचं उत्तर बरोबर येत होतं.

म्हणून दिवा विझलेला असला तरी एक काम करावं. आरसी बुकावरचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून आपल्या गाडीसाठी एखादा रिकॉल निघालाय का ते पाहावं. रिकॉलचं काम फुकट होतं. जानेवारी 2023 मध्ये मारुती सुझुकीने अल्टो के10, बलेनो, ब्रेझा यांसारख्या मॉडेलच्या मिळून 17,362 गाड्या एअरबॅगचं मोड्यूल तपासण्यासाठी परत बोलावल्या होत्या. नंबर टाकायला दोन मिनिटं लागतात.

उलट बाजूही खरी. दिवा लागला म्हणजे बॅग वाया गेली असं नव्हे. पण दिवा लागलेला असताना यंत्रणा काय करेल हे गाडीगणिक बदलतं. काही मोड्यूल बिघडलेलं एकच सर्किट बाजूला ठेवतात, काही सगळी यंत्रणाच थांबवतात. बाहेरून आपल्याला ते कळत नाही. म्हणून दिवा लागला की बॅगही नाही आणि प्रीटेन्शनरही नाही, असं धरून चालावं. बेल्टचं मूळ काम मात्र तेव्हाही चालू असतं, कारण झटका बसला की पट्टा अडकवणारी कळ यांत्रिक असते. तिला विजेची गरज नाही. तेव्हा रस्त्यात गाडी सोडून द्यायची गरज नाही. बेल्ट लावा, बेताने चालवा आणि काम पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलू नका.

4. नेहमीचे संशयित

दिवा कधी लागायला लागला, हे आठवणं हे निदानाचं अर्धं काम आहे. त्याच्या आगेमागे काय झालं होतं?

*बॅटरी उतरली होती किंवा जंपर लावून गाडी चालू केली होती.* व्होल्टेज फार खाली गेलं की मोड्यूल तशी नोंद करून ठेवतं. बॅटरी धड झाल्यावर काही गाड्यांत दिवा आपोआप जातो, काहींत नोंद स्कॅनरने पुसावी लागते.

*सीट मागेपुढे केली, सीट कव्हर बसवलं, गाडी आतून धुऊन घेतली.* पुढच्या सीटखाली वाकून पाहा. तिथून जाणाऱ्या वायरींच्या टोकाला पिवळं कपलर दिसेल. एअरबॅगची कपलर आणि वायरींची वेष्टणं बहुतेक गाड्यांत पिवळीच असतात, म्हणजे काम करणाऱ्याला लांबूनच कळावं. सीटखाली सरकलेली पाण्याची बाटली, छत्रीचा दांडा किंवा व्हॅक्यूमचं तोंड त्याला ढकलतं आणि जोड अर्धवट सुटतो. सीटच्या कडेत साइड एअरबॅग असेल, तर साधं शिवलेलं कव्हर त्या बॅगेची वाटच अडवतं. अशा सीटला कव्हर घ्यायचंच असेल, तर त्या बाजूने उसवायची सोय ठेवलेलं घ्यावं.

*हॉर्नही वाजेनासा झाला, किंवा स्टिअरिंगवरची गाण्याची बटणं चालेनात.* इथे संशय जवळजवळ पक्का होतो. स्टिअरिंग गोल फिरतं, पण त्यातल्या बॅगेच्या वायरी तर गाडीला जोडलेल्या राहायला हव्यात. त्यासाठी स्टिअरिंगच्या मागे एक चपटी गोल डबी असते आणि तिच्यात पातळ रिबनसारखी केबल गुंडाळलेली असते. तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टिअरिंग फिरवलं की ही रिबन सैल होते किंवा आवळते, मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना अडीच-तीन फेऱ्यांपर्यंत. हॉर्नची, बटणांची आणि बॅगेची तार याच रिबनमधून जाते. वर्षानुवर्षं दुमडून ती कुठेतरी तुटते. स्टिअरिंग वळवताना दिवा लागतो आणि सरळ केल्यावर जातो, असं झालं तर ओळखा. हीच डबी एका हलगर्जीपणानेही तुटते. स्टिअरिंग काढून पुन्हा बसवताना ती मधोमध आणून ठेवली नाही, तर पहिल्याच पूर्ण वळणावर एका बाजूची रिबन अपुरी पडते आणि फाटते. स्टिअरिंगचं काम करून गाडी घरी आणली आणि त्याच आठवड्यात दिवा लागला, तर हे आधी तपासायला सांगा.

*बेल्टच्या बकलमध्ये काहीतरी गेलं.* नाणं, चॉकलेटचा कागद, सांडलेला उसाचा रस. आतला छोटा स्विच अडकला की बेल्ट लावलाय की नाही, हे मोड्यूलला कळेनासं होतं. बेल्टचा अलार्म गप्प करायला बकलमध्ये नुसती क्लिप खुपसणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. ती क्लिप मोड्यूललाही खोटंच सांगते. बेल्ट लावलाय असं समजून ते बॅग कधी उघडायची याचा हिशेब करतं आणि समोरून येतो तो बेल्ट नसलेला माणूस. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिप काढून टाकण्याचा आदेश दिला, तो उगाच नव्हे.

*पाणी शिरलं.* पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी काढली, किंवा एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी चोंदून ते आतच मुरत राहिलं. गालिचा वरून कोरडा वाटतो. त्याखालचा फोम मात्र पिळून पाणी निघेल इतका ओला असतो. मोड्यूल आणि सीटखालची कपलर फरशीलगतच असल्याने पहिला फटका त्यांना बसतो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने गाडीच्या नाकाशी असलेल्या सेन्सरच्या पिनाही गंजतात.

*पुढून बारीकशी धडक बसली.* बॅग उघडली नाही, बंपर रंगवून घेतला, पण सेन्सर वाकला किंवा त्याचं कपलर पुन्हा लावायचं राहिलं. पुढे लोखंडी गार्ड लावलेल्या गाड्यांत तर धक्क्याचा जोर सेन्सरपर्यंत ठरल्याप्रमाणे पोचतच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना असे गार्ड काढायला लावण्याच्या सूचना दिल्या, त्यामागे हेही एक कारण होतं.

*उंदीर.* फार दिवस एका जागी उभ्या असलेल्या गाडीत आधी हाच विचार करावा. सीटखाली किंवा बॉनेटमध्ये लेंड्या आणि कुरतडलेला फोम दिसला, तर वायरीही तपासून घ्या.

5. कोड म्हणजे निकाल नव्हे

मोड्यूल कोणत्या सर्किटने काय उत्तर दिलं, हे कोडच्या रूपात लिहून ठेवतं. तो वाचायला स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डला असलेल्या 16 पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावतात. ऑनलाइन मिळणारे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनापुरतेच असतात. त्यात 'फॉल्ट नाही' असं आलं तरी एअरबॅगबद्दल काही सिद्ध होत नाही. एअरबॅगचं मोड्यूल वाचणारा स्कॅनर लागतो. इंजिनाचे कोड 'पी' अक्षराने सुरू होतात, एअरबॅगचे बहुधा 'बी'ने.

कोड साधारण चार तऱ्हेची तक्रार सांगतो. रेझिस्टन्स जास्त किंवा सर्किट तुटलेलं, म्हणजे जोड सैल, पिन गंजलेली, तार तुटलेली. रेझिस्टन्स कमी, म्हणजे दोन तारा एकमेकींना टेकल्यात. अर्थला शॉर्ट, म्हणजे तारेचं वेष्टण निघून ती बॉडीला लागली. आणि बॅटरीला शॉर्ट, म्हणजे तार दुसऱ्या चालू तारेला चिकटली. शिवाय कोड 'चालू' आहे की 'जुना', हेही दिसतं. जुना म्हणजे बिघाड कधीतरी झाला होता, आत्ता नाही. येऊनजाऊन लागणाऱ्या दिव्यात ही नोंद फार उपयोगी पडते.

पण 'ड्रायव्हर एअरबॅग, रेझिस्टन्स जास्त' या कोडमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग बिघडली असं कुठेही लिहिलेलं नाही. मोड्यूलपासून बॅगेपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी अडथळा आहे, एवढंच त्यात आहे. वाट अशी: मोड्यूल, डॅशबोर्डमागची वायरिंग, स्टिअरिंगखालचं कपलर, क्लॉक स्प्रिंग, दुसरं कपलर, शेवटी स्क्विब. कोड वाचून सरळ बॅगेची ऑर्डर देणारा माणूस सहापैकी एकाच जागेवर तुमचे पैसे लावतोय.

जाणता माणूस काय करतो ते पाहा. बॅटरी काढून, थांबून, तो स्टिअरिंगमधली बॅग सोडवतो आणि तिच्या जागी 2 ओहमचा डमी रेझिस्टर लावतो. बॅटरी जोडून स्कॅन करतो. कोड आता 'जुना' दाखवला, तर बाकीची वाट ठीक आहे आणि दोष बॅगेत किंवा तिच्या कपलरमध्ये आहे. कोड 'चालू'च राहिला, तर बॅग निर्दोष. मग तो पुन्हा बॅटरी काढून डमी एक पायरी मागे नेतो, क्लॉक स्प्रिंगच्या अलीकडे. कोड आता गेला? दोष क्लॉक स्प्रिंगमध्ये. नाही गेला? मग त्याहून मागची वायरिंग किंवा मोड्यूल. दोन चाचण्यांत सहा जागांपैकी नेमकी बाजू हाती लागते. या कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ पार्ट बदलत बसण्यापेक्षा बहुतेकदा स्वस्त पडतो.

6. आपण काय पाहावं, कशाला हात लावू नये

पाहायला हरकत नाही. सीटखालची कपलर टॉर्च लावून पाहा. गालिचा दाबून ओल आहे का बघा. हॉर्न वाजवून आणि बटणं दाबून पाहा. बकलमध्ये डोकावा. बॅटरी किती जुनी आहे ते आठवा. दिवा कधी, कोणत्या हालचालीला लागतो हे लिहून ठेवा.

पिवळ्या कपलरला मात्र हात लावू नये, आणि टेस्ट लॅम्प तर मुळीच लावू नये. रस्त्यावरचे वायरिंगवाले तार 'चालू' आहे का हे दोन वायरींना जोडलेल्या बल्बने तपासतात. हिशेब करा. बहुतेक स्क्विब सव्वा अँपिअरच्या आसपास करंट दोन मिलिसेकंद मिळाला की पेटतात. गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब 21 वॅटचा. 21 भागिले 12, म्हणजे 1.75 अँपिअर. शिवाय थंड बल्ब पहिल्या क्षणी याच्या कितीतरी पट करंट ओढतो. म्हणजे 'फक्त चेक करतो' म्हणत लावलेला बल्ब तोंडासमोर बॅग उघडू शकतो. मल्टीमीटरही ओहमवर ठेवला की स्वतःचा करंट सोडतो. त्यामुळे स्क्विब थेट मोजू नये, असंच कंपन्यांची वर्कशॉप पुस्तकं सांगतात.

काम करणाऱ्यालाही नियम आहेत. किल्ली बंद, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलेलं, आणि त्यानंतर गाडीच्या पुस्तकात दिलेली काही मिनिटं थांबणं. हे थांबणं का? धडकेत बॅटरीची तार तुटली तरी बॅग उघडावी म्हणून मोड्यूलमध्ये वीज साठवणारा कपॅसिटर असतो. टर्मिनल काढल्यावरही तो थोडा वेळ भरलेलाच राहतो. सोडवलेली बॅग अंगापासून लांब धरून न्यायची आणि टेबलावर ठेवताना तिची फुगणारी बाजू वर. आणि तुटलेली पिवळी तार पिळून टेप मारायची नाही. पिळलेला जोड आज 2 ओहम दाखवेल, पावसाळ्यात 5.

घरच्या घरी करण्यासारखं आणखी एक काम. डॅशबोर्डवर शेजारच्या सीटसमोर 'एअरबॅग' असं कोरलेलं झाकण असतं. त्यावर चिकटवलेला गणपती, परफ्यूमची बाटली, मोबाइल स्टँड तिथून काढून मध्यभागी किंवा बाजूला ठेवा. बॅग उघडताना ते झाकण फाटून वर येतं आणि त्यावरची वस्तू समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जाते.

7. प्रॉक्सी हजेरी

आता तिसरा प्रश्न, नुसता दिवा बंद करून मिळेल का. मिळतो, आणि त्याचे प्रकार ठरलेले आहेत. स्कॅनरने कोड पुसणं हा सगळ्यात साधा. मूळ बिघाड तसाच असेल तर पुढच्या हजेरीला दिवा परत येतो. बॅटरी काढून ठेवली तरी एअरबॅगचे कोड सहसा पुसले जात नाहीत.

दुसरा प्रकार, दिव्यावर काळी टेप, किंवा बल्बच काढून टाकणं. तिसरा अधिक चलाख: एअरबॅगच्या दिव्याची तार ऑइलच्या दिव्याला जोडायची, म्हणजे किल्ली ऑन केल्यावर लागतो आणि गाडी स्टार्ट झाली की विझतो. बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

चौथा सगळ्यात वाईट. अपघातात बॅग उघडून गेली, नवी महाग पडते, म्हणून कुणीतरी झाकण डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून नीट करून घेतं आणि वायरीच्या टोकाला 2 ओहमचा रेझिस्टर लावतं. निदानासाठी वापरायची तीच वस्तू कायमची बसवलेली! मोड्यूल नाव पुकारतं, रेझिस्टर 'हजर' म्हणतो. वर्गात मुलगाच नाही.

जुनी गाडी घेताना म्हणूनच ही चाचणी करावी. गाडी स्टार्ट न करता फक्त किल्ली ऑन करा. बटण स्टार्टची असेल, तर ब्रेक किंवा क्लचवर पाय न ठेवता बटण एकदा, लागलं तर दोनदा दाबा. मीटरमध्ये बरेच दिवे लागतील. ऑइल आणि बॅटरीचे दिवे इंजिन बंद आहे तोवर लागलेलेच राहतील. एअरबॅगचा दिवा मात्र काही सेकंदांत आपला आपण विझायला हवा. तो मुळात लागलाच नाही, किंवा ऑइलच्या दिव्याबरोबर अडून बसला आणि स्टार्टर मारल्यावर त्याच्याच सोबत गेला, तर कुणीतरी हात घातलाय. स्टिअरिंगच्या आणि डॅशबोर्डच्या झाकणाचा रंग, पोत, कडेची फट बाकीच्या प्लास्टिकशी जुळते का, ते बोटाने चाचपा. बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा. अपघातात प्रीटेन्शनर उडाला असेल तर बेल्ट अडकलेला किंवा ढिला लागतो. शंका आली तर एअरबॅगचं मोड्यूल वाचणाऱ्या स्कॅनरने तपासून घ्या. मोठ्या टकरीची नोंद अनेक मोड्यूल कायमची जपून ठेवतात आणि ती साध्या पुसण्याने जात नाही. रेझिस्टरची लबाडी मात्र स्कॅनरलाही दिसत नाही. ती झाकण उघडल्यावरच दिसते.

8. काम झालं, हे कशावरून?

गाडी ताब्यात घेताना दिवा विझलाय, एवढ्यावर समाधान मानू नका. आधी विचारा: कोणता कोड होता, दोष कुठल्या जागी सापडला, आणि तो तिथेच आहे हे कशावरून ठरवलं? "स्कॅन केलं, एरर काढला" हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. पार्ट बदलला असेल तर जुना पार्ट पाहायला मागा. क्लॉक स्प्रिंग, बकल किंवा सेन्सर दाखवायला अडचण नसते. बिलावर पार्टचं नाव आणि कोड लिहून घ्या. दिवा परत आला तर तपासणी तिथून पुढे सुरू होईल, पुन्हा पहिल्यापासून नाही.

मग तिथेच, बाहेर पडण्याआधी, उभ्या गाडीत किल्ली ऑन करून दिवा लागतो आणि विझतो हे पाहा. गाडी स्टार्ट करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, हॉर्न वाजवा. दोन्ही सीट पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे सरकवा. दोन्ही बेल्ट लावा, काढा. प्रत्येक हालचालीला मीटरकडे लक्ष ठेवा. सैल जोड उभ्या गाडीत गप्प बसतो आणि हलवल्यावर बोलतो, म्हणून एक फेरी खड्ड्यांच्या रस्त्यावरूनही मारा; तो शोधावा लागणार नाही. एवढं करूनही दिवा विझलेला राहिला, तर पैसे द्या.